केक तुमचा, केस त्याची

"काकू नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातला, बीकॉम सेकंड इयर. आमच्या कॉलेजचा एक रेडर आहे, नाव सांगत न्हाई पण आमच्या भागात कबड्डी बघणाऱ्या कुणालाही विचारा. मी त्याचं इन्स्टा पेज चालवतो, रेडचे व्हिडिओ टाकतो, अकरा हजार फॉलोअर आहेत. मागच्या आठवड्यात त्याचा विसावा बड्डे होता तर आम्ही पोरांनी रात्री बाराला चौकात केला. फ्लेक्स लावला, गाड्या आडव्या लावून सीटवर केक मांडले, स्काय शॉट उडवले. दारू बिरू काही नव्हती. एक छोटा हत्तीवाला अडकला होता, तो हॉर्न वाजवायला लागला मग थोडी बाचाबाची झाली, त्यानं ११२ ला फोन केला. तो म्हणतोय आईला दवाखान्यात न्यायचं होतं, खरं खोटं माहीत न्हाई. पोलीस आले. आम्ही पळालो ते वेगळं, पण भाऊच्या डोळ्यात क्रीम गेली होती त्यामुळं त्याला पळता आलं न्हाई. त्याला घेऊन गेले आणि रस्ता अडवला म्हणून केस केली, सकाळी नोटीस देऊन सोडलं. आता ग्रुपवर राडा चालूय. निम्मे म्हणायलेत भाऊला मुद्दाम अडकवलं, शंभर पोरं घेऊन ठाण्यावर जाऊ. निम्मे म्हणायलेत याच्या डोक्यात हवा गेलती, कॉलेजचं नाव घालवलं, टीममधून काढा. फोन करणाऱ्याचा नंबर पण कुणीतरी टाकलाय. फ्लेक्स अजून चौकातच आहे. मी मोर्चाला जाऊ का? पेज बंद करू का चालू ठेवू?
— भाऊचा कट्टर फॅन"

बाळा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं, ते क्रीमवर, की बाबा ज्या पोराला सात जणांची साखळी धरू शकत न्हाई त्याला शेवटी केकच्या क्रीमनं पकडलं. दुसऱ्यांदा वाचताना मात्र हसू गेलं, कारण तू चार शब्द असे घाईघाईत टाकून पुढं पळालायस (तिथंही पळालासच) की जसं काही त्यांचा या सगळ्याशी संबंधच न्हाई. "आम्ही पळालो ते वेगळं."

ते वेगळं कसं काय रे? बड्डेची वर्गणी कुणी काढली, केकची ऑर्डर कुणी दिली, गाड्या आडव्या कुणी लावल्या, फ्लेक्सवर फोटो कुणाकुणाचे आहेत? त्या पोरानं फार तर काय केलं असेल, बाराला पाच कमी असताना कुणीतरी त्याला घरून गाडीवर बसवून आणलं असेल, गळ्यात हार घातला असेल आणि सुरी हातात दिली असेल. चूक त्याची न्हाई असं म्हणत न्हाई मी, वीस वर्षांचा घोडा आहे, रस्ता बंद दिसत होता त्याला. पण पोलीस आल्यावर चौकात एकटा तो उभा आणि बाकीचे सगळे कट्टर फॅन गल्लीबोळात, आणि आता तेच कट्टर फॅन ग्रुपवर भांडायलेत की भाऊ निर्दोष का भाऊ माजला. दोन्ही पार्ट्यांना एकच गोष्ट बोलायची न्हाई, की आपण तिथं होतो.

आता आधी प्रकरण केवढं आहे ते बघू. मी वकील न्हाई, पण आमचे मिस्टर तीस वर्षं कोर्टात क्लार्क होते, त्यामुळं जेवताना भाजीबरोबर कलमं ऐकून ऐकून माझ्याही डोक्यात बसलीत. १ जुलै २०२४ पासून आयपीसी जाऊन भारतीय न्याय संहिता आली, त्यात रस्ता अडवणं म्हणजे कलम २८५. त्याला शिक्षा पाच हजारापर्यंत दंड, बस, जेल न्हाई. जुन्या आयपीसीत हेच २८३ होतं आणि दंड होता दोनशे रुपये, म्हणजे तुमच्या एका केकच्या क्रीमएवढा पण न्हाई. त्याच्या जोडीला रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाचे नियम आहेत, २००० सालचे, स्काय शॉटसाठी त्यातलं काही लावलंय का, पोलीस ॲक्टमधलं काही लावलंय का, हे नोटीस हातात घेऊन नीट वाचा. ग्रुपवर कुणी काय सांगितलं त्याच्यावर जाऊ नका, कागदावर काय आहे ते बघा. आणि केक तलवारीनं न्हाई कापला ना? तू लिहिलं न्हाईस म्हणून न्हाई असंच धरते. कापला असता तर आर्म्स ॲक्ट आला असता आणि मग हे पत्र एवढ्या मजेत वाचता आलं नसतं.

तर तुमच्याच भाषेत सांगायचं तर हे हिरवं कार्ड आहे, म्हणजे नुसती ताकीद. ताणलं तर पिवळं, दोन मिनिटं बाहेर बसायचं आणि परत मॅटवर यायचं. पण तुमचा निम्मा ग्रुप लाल कार्ड दाखवायलाय आणि निम्मा ग्रुप पंचालाच मारायला निघालाय.

आज रात्री झोपायच्या आधी एक काम कर, बाकीचं सगळं उद्या झालं तरी चालेल. तो नंबर. ॲडमिन तू असशील तर तो मेसेज सगळ्यांसाठी डिलीट कर, तू नसशील तर ॲडमिनच्या घरी जाऊन करायला लाव. ज्यानं ज्यानं त्या माणसाला फोन केलाय, शिव्या दिल्यात, त्याच्या गाडीचा फोटो स्टेटसला ठेवलाय, त्यांना सांग की बाबांनो रस्ता अडवला त्याला दंड आहे, पण धमकी दिली तर तो वेगळा गुन्हा आहे आणि त्याला जेल आहे. आणि पोलीस विचारणार कुणाला? ज्याच्या नावानं ग्रुप आहे त्यालाच पहिलं. म्हणजे पोरगं पाच हजाराच्या केसमधून बाहेर यायच्या आधी तुम्ही त्याला दुसऱ्या केसमध्ये ढकलणार, आणि ते पण प्रेमानं.

"खरं खोटं माहीत न्हाई" म्हणतोस. माझ्या सासूबाईंना एकदा रात्री दीडला दम लागला होता, आम्ही त्यांना गादीसकट उचलून शेजारच्याच्या टेम्पोत टाकलं होतं, मी मागं त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलेले, आणि रेल्वे गेट पडलेलं. मालगाडी होती. ती सहा-सात मिनिटं मी अजून विसरले न्हाई, तिथं तर भांडायला पण कुणी नव्हतं, गेटमनला काय बोलणार. त्या छोटा हत्तीवाल्यापुढं मालगाडी नव्हती, त्याच्यापुढं केक होते, सीटवर एकेक अक्षर मांडलेले. त्यानं हॉर्न वाजवला, तुम्ही हलला न्हाईत उलट बाचाबाची केली, मग त्यानं ११२ लावला. ११२ असतोच त्याच्यासाठी. तू त्याला जाऊन विचारलंस का आई कशी आहे म्हणून? न्हाई विचारलंस. मग खरं खोटं कसं कळणार?

आणि अजून एक, हे तू लिहिलं न्हाईस, पण मी याच मराठवाड्यात राहते म्हणून मला दिसतंय. नंबर टाकल्यावर खाली कुणीतरी त्याचं आडनाव टाकलं असेल. मग कुणीतरी भाऊचं आडनाव आणि त्याचं आडनाव शेजारी शेजारी ठेवलं असेल आणि डोळा मारलेला इमोजी टाकला असेल. सध्या आपल्याकडं एवढं पुरतं. रस्त्याची केस तिथून पुढं कुठं जाते ते तुला सांगायची गरज न्हाई, तू पेपर वाचतोस. तसला मेसेज आला की त्याच्यावर चर्चा करत बसू नको, काढून टाक, टाकणारा जिगरी असला तरी.

आता मोर्चा. न्हाई जायचं.

कारण सांगते. माझा धाकटा भाऊ कुस्ती खेळायचा, फार मोठा पैलवान नव्हता, जत्रेतल्या पन्नास-शंभराच्या कुस्त्या मारायचा, पण गावाला तेवढं पण लई होतं. एकदा उरुसात कुस्तीच्या इनामावरून ढकलाढकली झाली, कुणाला खरचटलं सुद्धा न्हाई, पोलिसांनी चार जणांना नेऊन बसवलं. संध्याकाळपर्यंत समज देऊन सोडणार होते, आमचे वडील तिथंच पायरीवर बसून होते, जमादारानं त्यांना चहा पण दिला होता. तेवढ्यात गावची पोरं आली ट्रॅक्टर भरून. घोषणा. कुणीतरी दगड उचलला, मारला न्हाई म्हणतात, पण उचलला. झालं, साहेब बाहेर आले, त्यांना आता माघार घेता येईना, वरून फोन यायला लागले, आणि जे प्रकरण चहावर मिटत होतं ते तीन वर्षं कोर्टात चाललं. तारीख पे तारीख. आई दर तारखेला दशम्या बांधून द्यायची, भाऊ आणि वडील सकाळच्या एसटीनं जायचे, साहेब रजेवर, साक्षीदार आला न्हाई, पुढची तारीख, परत. शेवटी सुटला तो निर्दोष, पण तोवर भरतीचं वय गेलं. ट्रॅक्टरमधला एकही जण एकाही तारखेला आला न्हाई. भाऊ आता पन्नाशीच्या पुढं आहे, अजून म्हणतो, मला पोलिसांनी न्हाई अडकवलं, माझ्या माणसांनी अडकवलं.

(मिस्टरांचं म्हणणं असं की निवेदन दोन माणसांनी दिलं तर साहेब वाचतात, शंभर माणसांनी दिलं तर साहेब व्हिडिओ काढायला लावतात.)

भरतीवरून आठवलं, आणि हा भाग जरा लक्ष देऊन वाच, कारण तुमच्या ग्रुपवर याच्यावर एक पण मेसेज नसणार. तुमचा भाऊ पोलीस भरतीची तयारी करतोय असं तू लिहिलं न्हाईस, पण मराठवाड्यात कबड्डी खेळणारं आणि भरतीची तयारी न करणारं पोरगं असेल तर मला आणून दाखव. पहाटे पाचला कुठल्याही तालुक्याच्या ग्राउंडवर जा, १६०० मीटर पळायलेत, गोळा फेकायलेत, त्यात निम्मे कबड्डी-खोखोवाले. खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के जागा आहेत, त्या आशेवरच आईबाप खेळू देतात, न्हाईतर कापूस वेचायला नेलं असतं. पाटोद्याचा पैलवान राहुल आवारे २०१८ ला कॉमनवेल्थचं सोनं घेऊन आला आणि पुढं डीवायएसपी झाला, ते आपल्याकडच्या प्रत्येक तालमीतल्या पोराच्या बापाला पाठ आहे.

भरतीत निवड झाल्यावर चारित्र्य पडताळणीचा फॉर्म येतो, त्यात विचारतात, तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता का. आणि इथं पोरं मार खातात. कुणीतरी शहाणा सांगतो, लिहू नको, एवढीशी केस आहे, कोण बघतंय. बघतात. पोलीस भरतीत पोलीसच न्हाई बघणार तर कोण बघणार? २०१६ ला सुप्रीम कोर्टानं अवतारसिंग विरुद्ध भारत सरकार या केसमध्ये हे बरंच स्पष्ट केलंय, की माहिती खरी द्यायची, लपवली तर त्याच्यावरून नोकरी जाऊ शकते, पण लहान वयातली किरकोळ केस असेल तर ती माफ करायचा अधिकार नेमणूक करणाऱ्याला आहे. तिथं उदाहरण पण दिलंय, तरुण वयात घोषणा दिल्या असल्या तर, असलं. म्हणजे केस झाली म्हणून नोकरी गेली असं होईलच असं न्हाई, पण केस लपवली तर साहेबांच्या हातात आयतं कारण जातं. हे भाऊला सांग. तो आत्ता घाबरून घरात बसला असेल आणि त्याला वाटत असेल सगळं संपलं.

दुसरं, कोर्टाच्या बाहेर एखादा भेटतो, "पाचशे-हजार भर, गुन्हा कबूल म्हण, पाच मिनिटात मोकळा." पाच मिनिटात मोकळा होतो हे खरं, पण गुन्हा कबूल म्हणजे दोषी ठरला, आणि ते कायमचं कागदावर राहतं. कधीकधी तेच सोयीचं असतं, कधीकधी लढलेलं बरं असतं, ते वकिलाला विचारून ठरवायचं, वकिलाच्या टेबलाशेजारी उभ्या असणाऱ्या माणसाला विचारून न्हाई. वकिलाला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समिती कोर्टातच असते, कुणाला फुकट वकील मिळतो ते तिथं सांगतात, १५१०० वर फोन केला तरी चालतो. आणि नोटीशीत बोलावलेल्या तारखेला जायचं म्हणजे जायचं, त्या दिवशी मॅच असली तरी. नोटीस पाळली तर साधारण अटकेची भानगड येत न्हाई, न्हाई गेलं तर स्वतःहून बोलावणं.

तर मोर्च्याच्या ऐवजी तू काय करायचं. तू आणि फ्लेक्सवर ज्यांचे सगळ्यात मोठे फोटो आहेत ते दोघं तिघं, भाऊच्या घरी जा. भाऊला भेटायला न्हाई, त्याच्या वडलांना. सांगा की काका, बड्डे आम्ही केला होता, गाड्या आम्ही लावल्या होत्या, हा एकटा सापडला. एवढं बोलताना घसा कोरडा पडेल, पडू दे. त्या माणसाला आत्ता गावात कोण काय बोलायलेत माहितीये का, पोरगं गुंड झालं म्हणून. त्याला कुणाच्या तरी तोंडून ऐकायला मिळू दे की असं न्हाई. मग त्याच्यासोबत वकिलाकडं जा आणि खरं काय झालं ते वकिलाला सांगा, तुम्ही होता ते पण. केसमध्ये "इतर अनोळखी इसम" असतील तर ते अनोळखी इसम तुम्हीच आहात हे लक्षात ठेवा, पुढं होऊन सांगायचं का, कसं सांगायचं, हे वकील ठरवेल, मी न्हाई ठरवणार. पण दंड, वकिलाची फी, तारखेचं एसटीचं तिकीट, यात वर्गणी काढायला वकिलाला विचारायची गरज न्हाई. केकला काढली तशीच काढा. मला बघायचंय किती कट्टर फॅन निघतात.

त्याच वर्गणीतून एक किलो सफरचंद घ्या आणि त्या छोटा हत्तीवाल्याकडं जा. तक्रार मागं घ्या असं चुकूनही म्हणायचं न्हाई, तो शब्दच काढायचा न्हाई, न्हाईतर तुम्ही दबाव टाकायला आलात असं होईल आणि त्याचं बरोबर असेल. आई कशी आहे विचारायचं, चूक झाली म्हणायचं आणि निघायचं. दोघांनीच जा. बुलेटवर जाऊ नका.

आता ग्रुपवरच्या त्या दुसऱ्या पार्टीचं, ज्यांना भाऊ टीममधून काढायचाय. त्यांना तू रिमूव्ह करू नको. त्यांच्यातले दोन-चार जळणारे असतील, असतातच, पण बाकीच्यांना खरंच वाईट वाटलंय. आपल्याकडं हिरो असतातच किती रे. आष्टी तालुक्यातला धावपटू अविनाश साबळे, धाराशिवची खोखोवाली सारिका काळे, हाताच्या बोटावर मोजायचे, त्यामुळं गावात एखादं पोरगं जरा बरं खेळायला लागलं की आपण त्याला लगेच वाघ करतो, त्याच्यावर गाणं लावतो, आणि मग वाघानं साधी चूक केली की आपल्यालाच फसवल्यासारखं होतं. त्याला टीममध्ये ठेवायचं का न्हाई हे त्याचे सर ठरवतील, कॉलेज ठरवेल. सर म्हणाले एक मॅच बाहेर बस, तर बसू दे, त्यावर पेजवरून "अन्याय" म्हणून पोस्ट टाकायची न्हाई. उलट एक मॅच बाहेर बसून आला तर विषय तिथंच मिटतो, मी शाळेत असताना खोखोच्या बाईंनी मला एक अख्खी तालुका स्पर्धा बेंचवर बसवलं होतं, कारण काय तर मी दुसऱ्या शाळेच्या पोरीची वेणी ओढली होती. रडले लई. पण परत कुणी तो विषय काढला न्हाई, बाईंनी पण न्हाई.

पेज बंद करू नको. काहून बंद करायचं? तुझ्याकडं त्याच्या रेडचे व्हिडिओ आहेत, पुढं कुठं सिलेक्शनला कुणी विचारलं तर तेच दाखवायला कामाला येतील. फक्त बड्डेचे रील काढून टाक, तो क्रीम फासलेला आणि मागं स्काय शॉट वाजायलेत तो पण, आणि हो, काढायच्या आधी वकिलाला विचार, उगं पुरावा मिटवला असं नको व्हायला. "वाघ पिंजऱ्यात असला तरी वाघच" छाप काही टाकलं असेल तर ते आजच हायड कर, तो पिंजऱ्यात नव्हता, ठाण्यात बाकड्यावर बसला होता, आणि बहुतेक त्याला झोप येत होती. पंधरा दिवस फक्त रेड टाक. बोनस घेतानाचा पाय, डु ऑर डायला गेल्यावरचा दम, असलं. खाली कमेंटमध्ये लोक विचारतील केसचं काय झालं, उत्तर देऊ नको.

आणि तो फ्लेक्स. अजून चौकात आहे म्हणतोस, आणि वरून "इतर अनोळखी" म्हणून पळून गेलात! अरे त्याच्यावर "शुभेच्छुक" म्हणून वीस जणांचे फोटो नावासकट असतील, काही जणांनी तर मोबाईल नंबर पण टाकले असतील, पोलिसांना तपास करायची गरजच न्हाई, मान वर करून वाचलं की झालं. नगरपालिकेची परवानगी काढली नसणार हे मला इथं बसून माहितीये, त्याच्यासाठी पण १९९५ सालचा कायदा आहे. वकिलाला हे पण विचार, आणि तो हो म्हणाला की लगेच उतरवा. दिवसा उतरवा, सगळ्यांसमोर, शिडी लावून. बांबू मंडपवाल्याचे असतील, ते त्याला परत नेऊन दे.